दोष पायऱ्यांचा

बारामती, ८ जुलै १९३८

जयवंत भावजी,

आशीर्वाद. तुम्ही ते घेता की पाकिटासकट बाजूला ठेवता, मला कळायला मार्ग नाही. पण अक्षर ओळखलंत तर पत्र फाडणार नाही, असं वाटतं. हे अक्षर तुम्हीच दिलेलं आहे. मी लग्न होऊन कोऱ्हाळ्याला आले तेव्हा तुम्ही सात-आठ वर्षांचे होता. शाळेतून आलात की मला पाटी घेऊन बसवायचात आणि माझा 'क' आडवा पडला की पेन्सिलीनं बोटावर मारायचात. मास्तर तुम्हाला मारायचे, त्याचा वचपा माझ्यावर निघायचा. त्या 'क'वर आज मी वर्तमानपत्र वाचते आणि हे पत्रही लिहिते.

हुबळीचा पत्ता बिरदेवानं आणला. त्याचा कुणी पाहुणा तुमच्याच रेल्वेच्या कारखान्यात आहे.

तुमचे भाऊ गेले त्याला श्रावणात वर्ष होईल. तार मिळाली होती का, असं मी विचारत नाही. अग्नी चुलत पुतण्यानं दिला. तुमच्या भावाला शेवटपर्यंत शुद्ध होती. सुप्याच्या बाजारात एका माणसाचं गळू कापताना त्यांच्या बोटाला पातं लागलं, एवढंच निमित्त. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हात दाखवला आणि सांगितलं, ही लाल रेघ उद्या कोपरापर्यंत येईल, परवा काखेत. दुसऱ्याच कुणाचा हात दाखवावा तसं सांगितलं. रेघ तशीच चढली.

आता कामाचं लिहिते. येत्या डिसेंबरात लोकल बोर्डाची निवडणूक आहे आणि बिरदेव उभा राहतोय. सोळा वर्षं यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता तो. परवा स्टुलावर बसून म्हणाला, "वैनीसाब, मला भाषाण येत न्हाय. मला नुस्ता बाटलीवर कागुद चिकटवता येतो." मी म्हटलं, बरोबर चिकटवतोस ना, मग पुष्कळ झालं.

डॉक्टरांनी बोर्डावरच्या तीन वर्षांत नारू थांबावा म्हणून एकोणीस विहिरींच्या पायऱ्या बुजवल्या. सव्वीस राहिल्या. नंतर निवडून आलेल्या माणसानं एकही बुजवली नाही, उलट बुजवलेल्यांतल्या दोन परत उघडून दिल्या. तो पुन्हा आला तर बाकीच्याही उघडतील. म्हणून माझ्यासकट कोऱ्हाळ्याच्या चौदा बायकांची मतं या खेपेला पडली पाहिजेत. परक्या माणसाच्या गाडीत त्या बसणार नाहीत. तुम्ही यावं आणि मागच्यासारखी गाडी हाकावी, एवढंच मागणं आहे.

त्या निवडणुकीत तुमचं नाव खराब झालं. ते तुमच्यामुळं झालं नव्हतं. कशामुळं झालं ते आज लिहीत नाही. लिहायचं म्हणून तीनदा कागद घेतला होता.

प्रयागबाई

बारामती, २ ऑगस्ट १९३८

जयवंत भावजी,

उत्तर नाही. नसू दे. आज तुमच्या भावाबद्दलच लिहिते. त्यात तरी आपलं भांडण नाही.

त्यांचं नाव पत्रात येणार नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेही तुमच्या आत्यानं दार अडवून धरलं म्हणून. त्यानंतर घेतलं नाही. त्या नावात जो रंग आहे तो शब्दसुद्धा मी टाकला. गोठ्यातल्या त्या रंगाच्या गाईला मी जांभळी म्हणायची आणि तुम्ही मुद्दाम विचारायचात, "वैनी, ही कशी हो जांभळी?"

तुम्हाला हणमंतराव आठवतात का? मिशनचा म्हातारा अमेरिकन डॉक्टर परत निघाला तेव्हा यांना पुस्तकांची पेटी देऊन गेला. त्यात एक बिनपुठ्ठ्याचं पुस्तक होतं, शंभर वर्षांमागं ओहायो नावाच्या मुलुखात होऊन गेलेल्या एका खेड्यातल्या डॉक्टराचं चरित्र. त्याचं नाव हॅनफोर्ड. मी ते 'हनपट' म्हणायची आणि तुम्ही त्याचा हणमंतराव केलात. दुपारी जेवण झालं की हे वाचायचे आणि वाचता वाचता मराठी करून सांगायचे. मला कितीतरी दिवस वाटायचं की ओहायो इंदापुराच्या पुढं कुठंतरी आहे. घोड्यावर दोन्ही बाजूंना औषधांच्या पिशव्या टाकून हणमंतराव जायचे, लोक त्यांना मक्याची कणसं आणि कोंबडी द्यायचे, आणि बायको कोंबडी पाहून म्हणायची, ही तर आपलीच, मागच्या महिन्यात हरवलेली. ते वाक्य पुस्तकात नाही. आता मी स्वतः वाचते म्हणून कळलं. यांनी घातलं होतं ते.

होय, मी इंग्रजी वाचते. त्यांच्या शाळेतल्या जुन्या डिक्शनरीवर. दिवसाला अर्धं पान होतं. पाचव्या भागावर आहे.

डॉक्टरी सोडून यांनी निवडणूक का धरली, याबद्दल गावात पुष्कळ बोललं गेलं. मानासाठी, मिरवण्यासाठी. मी दवाखान्याच्या आतल्या दाराशी होते म्हणून मला ठाऊक आहे. इंदापुराकडून रंगूबाई नावाची बाई यायची, नारूनं पाय सुजलेला. नारू कसा दोऱ्यासारखा पायातून निघतो ते तुम्ही पाहिलं आहे. काडीवर रोज बोटभर गुंडाळायचा, घाईनं ओढला की तुटतो आणि पाय सडतो. आठ-आठ दिवस हे तिच्या पायापाशी बसायचे. तीन वर्षं ओळीनं ती आली. तिसऱ्या वर्षी हे म्हणाले, "रंगूबाई, परत आलीस?"

ती म्हणाली, "आले न्हाय, आणलं. डाक्टर, तुमी वळून काढता आन् हीर परत घालती. माझ्यापरास हिरीला औशिद द्या की."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. पुस्तक काढून मला एक ओळ दाखवली. हणमंतराव म्हणतात, पंचवीस वर्षं मी एकेका माणसाला धरून नदीलाच औषध पाजतो आहे. त्यानंतर हणमंतराव तिथल्या कायदेमंडळाला उभे राहिले. आणि हे लोकल बोर्डाला.

भाषणं त्यांनी केली नाहीत. गावात जायचे, जी बाई विहिरीत उतरली असेल तिच्याच घागरीतलं पाणी काचेच्या पेल्यात घ्यायचे आणि भिंग द्यायचे. बायका पाहायच्या आणि म्हणायच्या, "आगं बया, हे तर नाचतंय." मग सांगायचे, पाय दुखणारं माणूस पायरीवरून पाण्यात उतरतं, नारू पाण्यात पिल्लं सोडतो, ती या नाचणाऱ्याच्या पोटात जातात आणि हा तुमच्या पोटात. पायरीच नसली तर पाय पाण्यात जाणार नाही. पायऱ्या बुजवा, कठडा बांधा, रहाट लावा. एका गावचे पाटील म्हणाले, "ह्या पायऱ्या आमच्या आज्यानं बांधल्यात." यांनी विचारलं, आज्याला नारू झाला होता का? "व्हय, दोनदा." मग आज्यालाच विचारलं असतं तर आज्यानंच बुजवल्या असत्या, असं म्हणाले. पाटील हसले. पाटील हसले तिथं पायऱ्या बुजल्या.

पहिला रहाट बसला तेव्हा बायका चिडल्या. दोर ओढून हात सोलतात म्हणाल्या. हे दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिथं जाऊन उभे राहिले आणि दुपारपर्यंत येईल तिला पाणी ओढून दिलं. घरी आले तेव्हा दोन्ही तळहातांना फोड. बिरदेव मलम लावताना म्हणाला, "ह्याच्यावर काय बांधायचं आसतं डाक्टर? मला इसरायला झालं." लोक म्हणायचे, डॉक्टरनं नाडी सोडली आणि रहाट धरला. ते यांनी ऐकलं होतं. यांना आवडलं होतं.

आणि पुढच्या वर्षी रंगूबाई आली. यांनी विचारलं, काय झालं? पाय पुढं करून म्हणाली, "काय बी न्हाय. त्येच दाखवाया आले." बारा कोस चालून आली होती, काही झालं नाही हे दाखवायला. माझ्या उभ्या आयुष्यात यांना इतकं सुखी मी पाहिलेलं नाही.

प्रयागबाई

बारामती, १९ सप्टेंबर १९३८

जयवंत भावजी,

तुमचं कार्ड मिळालं. रोज वाचते. "वैनी, पत्रे पोचली. मी येणार नाही. चौकात आप्पासाहेब बोलला त्याचे मला काही नाही. अण्णा गप्प राहिले, त्याचे आहे. आषाढात मुलगा झाला. अण्णांचे नाव ठेवले. त्याची आई त्याला बाळ म्हणते."

जाऊबाई त्याला बाळ म्हणणार हे उघडच आहे. थोरल्या दिरांचं नाव ती कसं घेईल. मीही बाळच म्हणते. बाळाला माझे आशीर्वाद.

आता मला लिहिलं पाहिजे. तुम्ही त्यांचं नाव आपल्या मुलाला दिलंत आणि मी इथं तुमचं नाव दडपून बसले आहे, असं चालणार नाही.

पस्तीस साली मतांच्या यादीत बायकांची नावं आली, आपल्याकडं पहिल्यांदाच. तुम्ही दोन गाड्या जोडून कोऱ्हाळ्याहून आम्हा चौदा जणींना वडगावला मत द्यायला नेलंत. आम्हाला उतरवलंत आणि बैलांना पाणी दाखवायला ओढ्याकडं गेलात. त्यापुढचं तुम्ही पाहिलेलं नाही.

मी पहिली होते. डॉक्टरांची बायको म्हणून मागच्या कुशाबाईनंच मला पुढं ढकललं. टेबलाशी नवा तरणा कारकून होता. त्याच्या यादीत आधी बाईचं नाव, मग 'कोम', मग नवऱ्याचं नाव. म्हणजे अमकी, बायको तमक्याची. त्यानं विचारलं, नाव? मी सांगितलं. "कोम?" मी गप्प. "बाई, नवऱ्याचं नाव सांगा." मी कुशाबाईकडं पाहिलं. आपल्यात असं अडलं की दुसरी बाई सांगते. तिनं तोंड उघडलं तर तो म्हणाला, जिचं मत तिनंच सांगायचं, त्याशिवाय चिठ्ठी मिळणार नाही. दारात उभ्या असलेल्या परगावच्या गड्यांतला एक म्हणाला, "उखाण्यात घ्या की वैनी, आमी दार आडवतो." सगळे हसले.

भावजी, ते नाव तिथं भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. उमेदवार म्हणून. मी ते वाचू शकत होते. तुम्ही शिकवलेल्या अक्षरांत ते माझ्यासमोर होतं आणि मला ते म्हणता आलं नाही. जीभ टाळूला चिकटते म्हणतात, तसंही नाही. जीभ मोकळी होती. मी घेतलं नाही.

मी वळले. पाठीमागं बघितलं तर तेराजणी वळलेल्या. खुद्द डॉक्टरांच्या घरातली बाई घेत नाही तर आपण कसं घ्यायचं, असं त्यांना झालं. गाडीत जाऊन बसलो. तुम्ही बैल घेऊन आलात आणि विचारलंत, "झालं का, वैनी?"

मी म्हटलं, "झालं."

त्या एका शब्दावर तुम्ही जाऊन भावाला सांगितलंत, कोऱ्हाळ्याच्या चौदा पडल्या, अण्णा.

नऊ मतांनी हे हरले. पुढं बाहेर आलं की कोऱ्हाळ्याची एकही बाई मत देऊन गेलेली नाही. तुमचे सासरे पलीकडच्या पक्षाचे, म्हणून लोकांनी दोन आणि दोन जुळवलं. चौकात आप्पासाहेब म्हणाले, "काय रं जयवंता, बायकांच्या गाड्या सासऱ्याच्या दारात सोडल्या का? मतं आंदण दिलीस व्हय?" तुम्ही भावाकडं पाहिलंत. ते म्हणाले, "चला, गाडी जुंपा." तुम्हाला वाटलं त्यांना संशय आला. त्यांना संशय येत नसे, भावजी. ते मनात विहिरी मोजत होते. एकोणीसच्या पुढं आता काय, एवढंच त्यांच्या चेहऱ्यावर होतं. पण तुम्हाला ते कसं कळावं? तुम्ही आठ दिवसांत हुबळीला गेलात.

मी बोलले असते तर तुम्ही गेला नसता. बाकीच्या तेराजणी आपापल्या घरी 'झालं' म्हणून बसल्या होत्या, त्यांनाही बोलता येईना. पण पहिली वळले ती मी. यांना मी कधीच सांगितलं नाही. दोन वर्षं चहा करून दिला, पाय चेपले, सांगितलं नाही. आता सांगायला ते नाहीत.

मी येणार नाही, असं म्हणालात तरी चालेल. पण आता कारण खरं ठेवा.

प्रयागबाई

बारामती, ३० ऑक्टोबर १९३८

जयवंत भावजी,

हे पत्र तुम्ही बसून वाचा.

हणमंतरावांच्या पुस्तकात सातवा भाग शिवलेला आहे. खरोखर शिवलेला. जखमेला टाके घालायच्या रेशमी दोऱ्यानं, कडेला दोन टाके आणि यांची ती आखूड गाठ. पानं सुटली असतील म्हणून शिवली असतील, असं मला वाटायचं. त्यांच्या हातचे शेवटचे टाके म्हणून मी ते तोडले नव्हते. पण सहावा भाग संपला. परवा दवाखान्यातली कात्री घेतली.

सातव्या भागात हणमंतराव पहिली निवडणूक हरतात. हे मला कधी वाचून दाखवलेलंच नव्हतं. यांच्या सांगण्यात ते उभे राहिले आणि निवडून आले, असंच होतं. पुस्तकात ते एकतीस मतांनी पडतात, तीन वर्षं पुन्हा घोड्यावर फिरतात आणि मग निवडून येतात. त्या एकतीसच्या बाजूला यांचं बारीक अक्षर आहे. जसं आहे तसं उतरवते.

"आपले नऊ. तो कारकून आज तापाने फणफणून दवाखान्यात आला. बोलता बोलता त्याने सांगितले. दोष तिचा नाही. दोष पायऱ्यांचा. नाव विचारूच नये. यादीतून वाचून दाखवावे आणि बाईने होय म्हणावे. मामलेदारांस लिहिणे."

तारीख, निवडणुकीनंतर सव्वा महिन्याची.

म्हणजे त्यांना माहीत होतं. दोन वर्षं माझ्या हातचा चहा ते माहीत असून प्यायले. त्या पुस्तकाला हात लावताना मला दिसू नये म्हणून त्यांनी टाके घातले. रंगूबाईच्या पायाकडं पाहून ते जसे विहिरीकडं वळले तसे माझ्याकडं पाहून कारकुनाच्या यादीकडं वळले. माझ्यावर राग धरायला त्यांना जागाच सापडली नाही, असं वाटतं. अशा माणसाबरोबर मी चोवीस वर्षं राहिले आणि मला त्याला एक गोष्ट सांगायचं धाडस झालं नाही.

पण त्याखाली आणखी एक ओळ आहे, वेगळ्या शाईत. तीही तुमचीच आहे, म्हणून उतरवते.

"जयवंतास सांगणे. कसे?"

एवढंच आहे. माझं नाव घेतल्याशिवाय त्यांना तुमचं नाव सोडवता येत नव्हतं. तुमच्यावर अन्याय झाला, भावजी. त्यांनी केला आणि माझ्यापायी केला. त्यांचं सगळं मला मोठं वाटतं, एवढं एक वाटत नाही. तेही ते जगले असते तर मिटवलं असतं, असं मी म्हणणार नाही. दोन वर्षं होती त्यांच्याकडं.

त्या 'कसे'चं उत्तर मी काढते आहे. यांचं मामलेदारांना लिहायचं राहिलं होतं, तो अर्ज मी माझ्या हातानं लिहिला. ते अर्ज दोनदा वाचून म्हणाले, "हे तुम्हाला कुणी लिहून दिलं?" मी म्हटलं, दिरांनी शिकवलं. या खेपेला कारकून नाव वाचेल आणि बाई होय म्हणेल, असं त्यांनी कबूल केलं आहे.

मत नऊ डिसेंबरला आहे. तुम्ही येणार नाही हे धरून मी चालले आहे.

प्रयागबाई

कोऱ्हाळे बुद्रुक, १० डिसेंबर १९३८

जयवंत भावजी,

काल मत झालं. या वेळी 'झालं' हा शब्द जपून लिहिते आहे.

आठवड्यापूर्वीच मी इथं आले. बाजार उठल्यावर चौकात पारावर माणसं बसली होती, आप्पासाहेब मधोमध. मी जाऊन उभी राहिले. बाई माणूस पारासमोर उभं राहिलं म्हणून दोघे-तिघे उठून जायला लागले. मी म्हटलं, "बसा. आप्पासाहेब, तीन वर्षांमागं हितं तुमी जयवंत भावजींना एक सवाल केला होता. त्याचं उत्तर घेऊन आलेय."

ते म्हणाले, "आता कशाला वैनी? झालं ते झालं."

"त्येच तर सांगायचंय," मी म्हटलं. "झालं न्हवतं."

आणि सगळं सांगितलं. टेबल, कारकून, वळले, आणि 'झालं' म्हणाले ते. कुणीतरी कुजबुजलं, पण हसलं कुणी नाही. मग विहिरीकडून कुशाबाई घागर घेऊन आली, तशीच थांबली आणि म्हणाली, "मी बी फिरले हुते. माझ्या घरधन्याला आजपातूर ठावं न्हाय." तिचा नवरा पारावरच बसला होता. तो म्हणाला, "आता झालं ठावं."

आप्पासाहेबांनी पटका काढून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "माझ्या तोंडानं गडी गावातनं गेला." पटका परत बांधत म्हणाले, "गाडी कोण हाकणार तुमची?" मी म्हटलं, हाकणारा हुबळीला आहे. ते म्हणाले, "मग त्यो येईस्तवर त्याच्या जाग्यावर मी बसतो. आमच्या घरचं मत कुणाला ते इचारू नका."

काल सकाळी त्यांनीच गाडी हाकली. वाटेत कुशाबाई त्यांना म्हणाली, "आप्पासाहेब, बैल सासऱ्याच्या दारात न्हेऊ नका म्हंजे झालं." त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, पण कान लाल झाले होते.

वडगावला या खेपेचा कारकून चष्मेवाला, वयस्कर होता. मी पहिली उभी राहिले. त्यानं यादीवर बोट ठेवलं आणि वाचलं, "प्रयागबाई कोम शामराव."

होय म्हणायचं होतं. तेवढंच काम होतं. त्यासाठी अर्ज केला होता, त्यासाठी यांनी पुस्तकाच्या कडेला लिहून ठेवलं होतं. आणि यादी उतरवताना कुणीतरी नावच बदललं होतं. अर्थ जवळजवळ तोच, पण शामराव नावाच्या माणसाला मी पाहिलेलंही नाही.

मागून कुशाबाई म्हणाली, "हूं म्हणा की वैनी, कोण बघतंय."

मी हूं म्हटलं असतं तर चिठ्ठी मिळाली असती. मत पडलं असतं. फक्त ते दुसऱ्याच कुणाच्या बायकोचं पडलं असतं. मी म्हटलं, "हे नाव न्हाय."

"मग कोणतं?" कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं.

दारात माणसं होती. आप्पासाहेब बैलांपाशी होते. भिंतीवर या वेळी बिरदेवाचं नाव होतं, यांचं नव्हतं, त्यामुळं वाचण्यासारखंही काही नव्हतं. आतूनच काढायचं होतं. मी घेतलं. उखाण्याशिवाय, नुसतं. कारकून म्हणाला, "पुन्हा सांगा, दुरुस्ती लिहायची आहे." मी पुन्हा घेतलं. दुसऱ्यांदा सोपं गेलं. त्यानं तांबड्या शाईनं शामराव खोडलं, वर बरोबर नाव लिहिलं आणि यादी माझ्याकडं फिरवून म्हणाला, "पाहा, असंच ना?" मी वाचलं. असंच होतं.

माझ्यामागं कुशाबाईचं नाव त्यानं बिनचूक वाचलं. तिला नुसतं होय म्हणायचं होतं. ती म्हणाली, "व्हय, धोंडिबाच." मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. एकीनं विचारलं, "घरी कळलं म्हंजे?" तर म्हणते, "कळू दे. त्याला बरं वाटंल, कुणीतरी घेतलं म्हणून." त्यानंतर प्रत्येकीनं घेतलं. गरज नव्हती तरी घेतलं. चौदाच्या चौदा चिठ्ठ्या पडल्या. मी मोजल्या.

गाडीत बसल्यावर आप्पासाहेबांनी कासरा हातात घेतला आणि विचारलं, "झालं का, वैनी?"

मी म्हटलं, "व्हय. आता झालं."

मोजणी परवा आहे. बिरदेव सकाळपासून रिकाम्या बाटल्या धुतोय. पडलो तर लागतील, म्हणतो, आणि निवडून आलो तरी लागतील. हणमंतरावही एकदा पडले होते, हे मी त्याला सांगितलं. आकड्यासाठी हे पत्र अडवून ठेवत नाही.

आप्पासाहेबांनी तुम्हाला एक निरोप दिला आहे, पण तो मी लिहिणार नाही. तो त्यांनी तुमच्या तोंडावर सांगावा. पुस्तकही पाठवत नाही. सातवा भाग इथं येऊन वाचा, त्या ओळीवर तुमच्या भावाचं बोट कुठं टेकलं होतं तेही दिसतं, शाई तिथं पुसट आहे.

जाऊबाईंना म्हणावं, तुम्ही हवं तर बाळच म्हणत राहा, माझा काही आग्रह नाही. पण बारामतीच्या गाडीतून उतराल तेव्हा सावळारामला माझ्याकडं द्या. मी त्याला नावानं हाक मारणार आहे.

तुमची वैनी,
प्रयागबाई